सुई नेमकी कुठे?

इ. स. १०२७. चीनमध्ये सोंग घराण्याचं राज्य, राजधानी खायफंग. तिथे वांग वेइयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली ब्राँझचे दोन पुतळे ओतले गेले. ते ना देवाचे होते ना राजाचे. साध्या माणसाचे, माणसाच्याच उंचीचे आणि आतून पोकळ. अंगभर साडेतीनशेच्या वर बिंदूंची नावं कोरलेली आणि प्रत्येक बिंदूवर एक बारीक भोक. नंतरच्या नोंदी सांगतात, की परीक्षेच्या दिवशी पुतळ्यावर मेणाचा लेप द्यायचे, आत पाणी भरायचे आणि विद्यार्थ्याच्या हाती सुई द्यायचे. परीक्षक बिंदूचं नाव घेणार, विद्यार्थ्याने मेणावरून अंदाजाने टोचायचं. नेम बसला तर आतलं पाणी बाहेर येणार, चुकला तर सुई धातूवर अडणार. वशिल्याला वावच नाही.

जागा चुकली की उपचार चुकला, हे या परीक्षेत गृहीतच धरलेलं आहे. आजही अ‍ॅक्युपंक्चरवाल्याची चौकशी करताना आपण हेच विचारतो, ‘त्याला बरोबर नस सापडते का?’ या प्रश्नाची खरीखुरी परीक्षा व्हायला मात्र विसावं शतक संपावं लागलं. निकाल आला तो पुतळा ओतणाऱ्यांना रुचला नसता, आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणणाऱ्यांनाही पुरता रुचलेला नाही.

आधी वयाचा हिशेब. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. चीनमधल्या मावांगद्वी इथे १९७३ साली उघडलेल्या, इ. स. पूर्व १६८मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यांत शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन आहे, त्यांच्यावर वनस्पतीचा डाग देण्याचे उपचार आहेत. सुई टोचण्याचा मात्र उल्लेख नाही. सुईचं पद्धतशीर शास्त्र दिसतं ते त्यानंतर शे-दीडशे वर्षांच्या आत सिद्ध झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात. म्हणजे परंपरा दोन हजार वर्षांची. ती काही कमी नाही, मग वाढवून कशाला सांगायची? त्या ग्रंथातल्या सुयाही नऊ प्रकारच्या आहेत. काही अगदी बारीक, तर काही चक्क गळू फोडायच्या, रक्त काढायच्या. पुढे १८२२ साली चिंग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सुईला हद्दपार केलं आणि ती खेड्यापाड्यांत, फिरत्या वैद्यांच्या झोळीत जाऊन राहिली. आज आपण पाहतो ती केसासारखी सुई आणि बिंदूंचे आजचे नकाशे यांना बराचसा आकार दिला चंग दानआन या वैद्याने, तोही १९३०च्या दशकात. पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्र वाचून त्याने बिंदू रक्तवाहिन्यांपासून दूर नेले आणि मज्जातंतूंच्या जवळ आणले. परंपरेला अशी डागडुजी लागतेच, पण ती पाटीवर येत नाही.

आता कंबरदुखीच्या रुग्णाला टेबलावर पालथं झोपवलंय असं समजा. हातात येते ती सुई भरीव असते, इंजेक्शनसारखी पोकळ नाही. तिच्यातून आत काही सोडलं जात नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर, लांबी चाळीसच्या आसपास. ती प्लॅस्टिकच्या एका नळीत बसवलेली असते आणि सुईची मूठ नळीच्या बाहेर जेमतेम डोकावते. नळी कातडीवर टेकवायची, वरून बोटाने एक टिचकी मारायची. कातडी पार झाली, रुग्णाला फारसं कळलंही नाही. ही नळी सतराव्या शतकातल्या जपानच्या सुगियामा वाइची या अंध वैद्याच्या नावावर आहे. डोळ्यांनी नेम धरता येत नव्हता म्हणून त्याने तो नळीवर सोपवला. आज जगभरचे डोळस वैद्य तीच नळी वापरतात.

नळी काढली की सुई सावकाश आत सरकवतात, मग दोन बोटांत धरून थोडी फिरवतात. इथे काहीतरी होतं. रुग्ण म्हणतो, आत जड वाटतंय, ठणकतंय, काहीतरी पसरतंय. त्याच वेळी वैद्याच्या बोटांना जाणवतं की सुई आतून कोणीतरी धरून ठेवलीय. चिनी ग्रंथांत या क्षणाला फार मान आहे. अमेरिकेतल्या हेलेन लांजव्हँ या संशोधक डॉक्टरांनी दोन दशकांपूर्वी या पकडीचा माग काढला. त्यांना दिसलं ते असं, की फिरणाऱ्या सुईभोवती कातडीखालच्या जोडऊतींचे तंतू चातीवर सूत गुंडाळलं जावं तसे गुंडाळले जातात आणि आजूबाजूच्या पेशी ताणल्या जातात. पकड खरी आहे, वैद्याचा भास नव्हे. पण पकड खरी असणं वेगळं आणि त्या पकडीनेच दुखणं थांबणं वेगळं. पहिल्या गोष्टीवरून दुसरी सिद्ध होत नाही. अ‍ॅक्युपंक्चरच्या वादात दोन्ही बाजू ही उडी वारंवार मारतात.

मग वीस मिनिटं, अर्धा तास तसंच पडून राहायचं. सिटिंग संपली.

दुखणं कमी होण्याची शरीरातली यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. सुईने ऊतींना झालेल्या सूक्ष्म इजेतून अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य मोकळं होतं आणि ते तिथल्या तिथे वेदनेचा संदेश दाबतं. मायकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने २०१०मध्ये उंदरांच्या गुडघ्याखालच्या प्रसिद्ध बिंदूवर सुई टोचून हे दाखवलं. दुसरी पायरी पाठीच्या कण्यात. तिथे मज्जारज्जूत येणारे इतर स्पर्श वेदनेच्या संदेशाची वाट अडवू शकतात, हे मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५मध्येच मांडलं होतं. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो उगाच नाही. तिसरी पायरी मेंदूची. तिथे अफूच्या जातकुळीची, शरीराने स्वतः बनवलेली वेदनाशामकं सुटतात. १९७०च्या दशकात काही संशोधकांनी अफूचा परिणाम पुसून टाकणारं नॅलॉक्सोन हे औषध देऊन पाहिलं, आणि सुईचा परिणामही मावळला. बीजिंगच्या हान जीशंग यांनी पुढे सुयांना विजेचे हलके झटके जोडले तेव्हा सेकंदाला दोन झटक्यांना एक द्रव्य आणि शंभर झटक्यांना दुसरं, असा फरकही आढळला. शरीरात फिरणाऱ्या ‘ची’ या प्राणशक्तीचा मात्र या साऱ्यात कुठेही पत्ता लागलेला नाही, आणि तिच्यावाचून अडलेलंही नाही.

पाश्चात्त्य जगात या विषयाचं वेड पसरलं एका अपेंडिक्समुळे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन जुलै १९७१मध्ये बीजिंगमध्ये होते. अपेंडिक्स दुखू लागलं म्हणून तिथल्या रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून कळा येऊ लागल्या तेव्हा कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या आणि आराम पडला. त्यांनी त्यावर लेख लिहिला. लोकांनी त्याची कथा केली: अमेरिकी पत्रकाराचं पोट फाडलं ते नुसत्या सुयांवर! शस्त्रक्रियेला नेहमीचीच बधिर करणारी औषधं वापरली होती, हे रेस्टन यांनी लेखात स्वच्छ लिहिलं होतं. ते कोण वाचतो?

भारतात सुई पोहोचली होती ती याच्याही आधी, आणि त्या वाटेवर एक सोलापूरकर उभे आहेत. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. बसू परतले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात उपचार देऊ लागले. कोटणीसांच्या नावाने उभ्या राहिलेल्या समितीने ती विद्या पुढे नेली. कोटणीस स्वतः शल्यविशारद. त्यांचं नाव सुईशी जोडलं गेलं ते त्यांच्या मागे, सोबत्याच्या निष्ठेमुळे. शांताराम बापूंच्या चित्रपटाने महाराष्ट्राला कोटणीस ठाऊक झाले, पण ही उत्तरकथा इकडे फारशी कोणी सांगत नाही. पुढे पश्चिम बंगालने १९९६मध्ये अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा २०१५चा, आणि केंद्र सरकारने २०१९मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

आता परीक्षेकडे. त्याआधी आपल्याकडची एक गोष्ट आठवून पाहावी. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचा, हा उपाय महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी केलेला आहे. आणि त्याचा गुण आल्याचं शपथेवर सांगणारेही भेटतात. ते खोटं बोलत नसतात. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच सुटते, माणूस उपाय शोधतो तो कळ अगदी टोकाला गेल्यावर, आणि टोकानंतर उतारच असतो. त्यामुळे पाय कोणाचाही लागला असता तरी श्रेय पायाळूलाच मिळालं असतं. सुईला हे लागू नाही असं कसं म्हणणार? म्हणून तुलनेचा गट हवा, आणि तो असा हवा की रुग्णाला आपल्याला खरी सुई मिळाली की खोटी हे कळू नये.

जर्मनीतली २००७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याच प्रश्नावर होती. कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण, सरासरी आठ वर्षं दुखणं काढलेले. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला चिनी ग्रंथांतल्या बिंदूंवर खोल सुया. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषाइतका फरक पडलेले रुग्ण मोजले. खऱ्या सुयांत ४७.६ टक्के. खोट्या सुयांत ४४.२. नेहमीच्या उपचारांत २७.४.

हे तीन आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. खायफंगच्या परीक्षेत दुसऱ्या गटातला प्रत्येक वैद्य नापास झाला असता. त्याची एकही सुई भोकात गेली नसती. आणि तरी त्याचे रुग्ण पहिल्या गटाच्या जवळपास बरोबरीने सुधारले, गोळ्या आणि व्यायामवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. यावर शंकेखोर म्हणतो, बघा, नुसता मनाचा खेळ. समर्थक म्हणतो, उथळ सुई ही काही साखरेची गोळी नव्हे, तीही मज्जातंतूंना चाळवतेच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्यात अर्धा तास शांत पडून राहणं, कोणीतरी आस्थेने हात लावणं, नव्या उपायाची आशा हेही धरा. माझ्या मते हा वाद अडतो तो दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे. बिंदूंचा नकाशा खरा आहे का, या प्रश्नाचं उत्तर ४४ आणि ४७ यांच्यामध्ये आहे: फारसा नाही. माझ्या आईने हा उपचार घेऊन पाहावा का, याचं उत्तर २७ आणि ४७ यांच्यामध्ये आहे, आणि ते बरंच वेगळं आहे.

एका चाचणीवर विसंबू नये म्हणून २०१२मध्ये २९ चाचण्यांतल्या १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पाठ, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी, सगळी जुनाट दुखणी. निष्कर्षाची गोळाबेरीज अशी: शंभरपैकी ६० इतकं दुखणं असलेला रुग्ण सुईविना ४३वर येतो, खोट्या सुईने ३५वर, खऱ्या सुईने ३०वर. खऱ्या-खोट्यातला फरक आहे, शून्य नाही, पण लहान आहे. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक संस्थेची या लहान फरकाने चांगलीच तारांबळ उडवली. २००९मध्ये तिने कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं, २०१६मध्ये काढून टाकलं आणि २०२१मध्ये स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा यादीत घेतलं.

जुनाट वेदनेतच सुई का चालते, याचं कारण त्या वेदनेच्या स्वभावात आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं आणि मूळची इजा यांचा संबंध सैल होत जातो. ऊती भरून येतात, पण मज्जारज्जू आणि मेंदू संदेशांना हळवे झालेले असतात. साधा ताण, साधा स्पर्शही त्यांना कळ वाटू लागतो. म्हणूनच एमआरआयमध्ये मणक्यांत ‘गॅप’ दिसणारा माणूस ठणठणीत फिरतो आणि स्वच्छ रिपोर्टवाला अंथरुणाला खिळतो. सुई बोलते ती या हळव्या झालेल्या यंत्रणेशी.

फाटलेल्या स्नायूची गोष्ट निराळी. धावता धावता मांडीच्या मागे चाबूक बसल्यासारखी कळ आली आणि खेळाडू लंगडत बाहेर गेला, हे क्रिकेटच्या मैदानावर आपण पाहतो. हॅमस्ट्रिंगचे तंतू बहुधा स्नायू आणि कंडरा यांच्या सांध्यापाशी तुटतात. रक्त साकळतं. पहिले काही दिवस पांढऱ्या पेशी मोडतोड साफ करतात. ती सूज म्हणजे दुरुस्तीचा पहिला टप्पा असतो. मग स्नायुतंतूंच्या कडेला सुप्त पडलेल्या पेशी जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवे तंतू विणतात. सोबत व्रणाचा धागाही भरला जातो. हे तंतू नीट रांगेत लागतात ते हळूहळू वाढवत नेलेल्या ताणाने, म्हणजे व्यायामाने. किरकोळ इजेला एक-दोन आठवडे, मोठ्या फाटीला महिने लागतात. सुईमुळे माणसाचा फाटलेला स्नायू लवकर सांधतो याचा भरवशाचा पुरावा नाही. ताज्या, रक्त साकळलेल्या जागी सुई खुपसण्यात तर शहाणपणच नाही.

मग खेळाडूंच्या फिजिओंकडे सुया कशाला असतात? त्याचं उत्तर स्नायूंतल्या गाठींत आहे. खांद्याच्या वरच्या बाजूला दाबलं की ‘आई गं’ होतं आणि कळ थेट कानामागे जाते, ती जागा. अमेरिकेच्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा गाठींचे नकाशे काढले. जॉन केनेडींच्या पाठीवर त्यांनी उपचार केले आणि पुढे त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. त्या गाठींत बधिर करणारं औषध टोचायच्या. प्रागच्या कारेल लेविट यांनी १९७९मध्ये सांगितलं, की औषध राहू द्या, नुसत्या सुईनेही कळ थांबते. त्यांनी ३१२ जागांची नोंद दिली, तुलनेचा गट मात्र नव्हता. यातूनच ‘ड्राय नीडलिंग’ आलं. सुई गाठीत नेमकी घुसली की स्नायू क्षणभर माशासारखा फडफडतो आणि मग सैलावतो. दुसऱ्या दिवशी तिथे मुका मार लागल्यासारखं दुखतं. इथे ‘ची’ नाही, वाहिन्या नाहीत. पण या गाठी नक्की काय आहेत, आणि दोन तपासनिसांना त्या एकाच ठिकाणी सापडतात का, यावरही वाद चालूच आहे. म्हणजे जागेचा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

गाठ सैलावली, आजूबाजूचा आखडलेला भाग मोकळा झाला, दुखणं दोन-चार दिवस उतरलं, तर तेवढ्यात व्यायाम करून घेता येतो. सुईचा खेळाडूला फायदा हाच, आणि धोकाही यातच. कळ गेली म्हणजे स्नायू भरून आला, असं त्याला वाटतं. तो वेगाने धावतो आणि जुन्या जागीच पुन्हा फाटतं. हॅमस्ट्रिंगची दुखापत उलटण्याबद्दल तशीही बदनाम आहे. म्हणून मैदानावर परतायचं ते दुखणं थांबलं म्हणून नाही, दोन्ही पायांची ताकद आणि वेग तपासून.

धोक्यांचं प्रमाण कमी आहे, शून्य नाही. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ८.६ टक्के लोकांना काहीतरी त्रास झाला होता. बहुतेकांना थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं. दोघांच्या फुफ्फुसाला मात्र छिद्र पडलं होतं. खांद्याचा जो भाग सगळ्यांनाच दुखतो, त्याच्या खालीच फुफ्फुसाचं टोक असतं. तिथे सुई उभी आणि खोल गेली तर दम लागू लागतो, तोही कधीकधी काही तासांनी. सुया पाकिटातून आपल्यासमोर काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगावं, आणि पेसमेकर असेल तर विजेच्या झटक्यांना नकार द्यावा. रात्री झोपेतून उठवणारी कळ, कारणाशिवाय घटणारं वजन, लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद ओसरणं यांपैकी काही असेल तर सुईच्या दवाखान्यात आधी जायचंच नाही.

राहिला खर्चाचा आणि मुदतीचा प्रश्न. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने जानेवारी २०२०पासून जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायला सुरुवात केली, पण अट घालून. नव्वद दिवसांत बारा सिटिंग, सुधारणा दिसली तर आणखी आठ, वर्षात वीसच्या वर नाही. सुधारणा नसेल तर तिथेच बंद. आपल्याकडे आगाऊ पैसे भरून तीस-चाळीस सिटिंगचं ‘पॅकेज’ घ्या म्हणणारा भेटला, तर ही अट त्याच्यापुढे ठेवायला हरकत नाही. आणि सुधारणा मोजायची ती ‘आता कसं वाटतंय’ या प्रश्नाने नव्हे. ओट्यापाशी सलग किती वेळ उभं राहता येतं, किती जिने न थांबता चढता येतात, एसटीत किती तास बसता येतं, हे पहिल्या सिटिंगआधी वहीत लिहून ठेवायचं आणि सहाव्यानंतर पुन्हा लिहायचं.